अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाला नक्की काय काय करता येतं: नेहमीचे प्रश्न, एकदाची उत्तरं

दर आठवड्याला एक बातमी येते, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाने अमुक केलं, तमुक बंद केलं, आणि खाली लगेच कोणीतरी विचारतं, "पण असं करता येतं का त्याला?" तेच तेच टाईप करून कंटाळा आला म्हणून सगळं एकत्र लिहून ठेवतोय. नागरिकशास्त्राच्या पुस्तकासारखं ओळीने नाहीये, जे जास्त विचारलं जातं ते आधी. आणि मराठी नेटवर ज्यांना तात्या म्हणतात त्या ट्रम्प यांच्यामुळेच हे प्रश्न जास्त येतात हे खरं, पण विषय खुर्चीचा आहे, त्यामुळे त्या खुर्चीवर आधी बसून गेलेल्यांचे किस्से पण येणार.

जाड मार्करने सही करून फाईल कॅमेऱ्याला दाखवतात, ती सही झाली म्हणजे कायदा झाला का?

नाही. ती बहुतेक वेळा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर असते, म्हणजे सरकारी खात्यांना वरून आलेला हुकूम की बाबांनो इथून पुढे असं काम करायचं. कायदा करायचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, हाऊस आणि सिनेट दोन्ही मिळून (आपला काँग्रेस पक्ष नव्हे, दर वेळी कोणीतरी गोंधळ घालतंच). त्या ऑर्डरला जोर येतो तो एकतर संविधानातून नाहीतर काँग्रेसने आधीच करून ठेवलेल्या एखाद्या कायद्यातून, आणि दोन्हीकडे आधार सापडला नाही तर कोर्टात ती टिकणं अवघड.

पण आधार मिळाला की एका सहीने फार मोठ्या गोष्टी होतात, चांगल्या पण आणि भयानक पण. ट्रुमनने १९४८ मध्ये अशाच एका ऑर्डरने सैन्यातला वर्णभेद संपवायचा हुकूम काढला. त्याच्या आधी रूझवेल्टने १९४२ मध्ये एका ऑर्डरच्या जोरावर जपानी वंशाच्या लाखाहून जास्त लोकांना पश्चिम किनाऱ्यावरची घरंदारं सोडून कॅम्पमध्ये जायला लावलं, त्यातले बहुतेक तर अमेरिकेचेच नागरिक होते, आणि सुप्रीम कोर्टाने १९४४ मध्ये ते खपवून घेतलं. त्यामुळे "कोर्ट बघून घेईल की" असं कोणी निवांतपणे म्हटलं की मला जरा कसंतरीच होतं.

अजून एक, जी गोष्ट नुसत्या सहीने होते ती सहीनेच पुसता पण येते. पॅरिस हवामान करार बघा, ओबामाने आत नेलं, ट्रम्पने बाहेर काढलं, बायडनने परत आत, ट्रम्पने परत बाहेर.

मग कोर्टाने राष्ट्राध्यक्षाला सरळ "जमणार नाही" असं कधी सांगितलंय का?

सांगितलंय, आणि ती केस माहिती असली की पुढचं निम्मं प्रकरण आपोआप समजतं. एप्रिल १९५२, कोरियाचं युद्ध चालू, स्टील कामगार संपावर निघालेले, ट्रुमनला भीती की लढाईच्या सामानाचं उत्पादन ठप्प होईल. मग त्याने रेडिओवर भाषण केलं आणि कॉमर्स सेक्रेटरीला (म्हणजे वाणिज्य मंत्र्याला) हुकूम दिला की कारखाने ताब्यात घे, आता सरकार चालवणार. मालक लोक कोर्टात गेले. २ जूनला सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी निकाल दिला की काँग्रेसने असा अधिकार दिलेलाच नाही आणि युद्ध चालू आहे म्हणून देशातले कारखाने तुझे होत नाहीत. कहर म्हणजे तेव्हाचे नऊच्या नऊ न्यायाधीश रूझवेल्टने नाहीतर खुद्द ट्रुमनने नेमलेले होते! ट्रुमनने चडफडत का होईना कारखाने परत दिले, आणि मग तो संप झालाच.

त्या निकालात जस्टिस जॅक्सनने जे वेगळं लिहिलं ते आजही वकील लोक धरून बसतात. काँग्रेसने परवानगी दिली असेल तेव्हा राष्ट्राध्यक्षाचा जोर सगळ्यात जास्त, काँग्रेस गप्प असेल तेव्हा मामला धूसर, आणि काँग्रेसने नको म्हटलेलं असताना करायला गेला तर सगळ्यात कमी. माझं मत विचाराल तर त्या मधल्या धूसर पट्ट्यातच सगळा खेळ चालतो, कारण काँग्रेसला गप्प बसायची भारी सवय आहे.

भारतावर ५० टक्के टॅरिफ एकाच माणसाने कसा काय लावला?

संविधानात टॅक्स आणि आयात शुल्क हे सरळसरळ काँग्रेसचं काम आहे. पण गेल्या शंभरेक वर्षांत काँग्रेसनेच एकेक करून किल्ल्या राष्ट्राध्यक्षाकडे देऊन टाकल्या. १९६२ चा कायदा आहे, देशाच्या सुरक्षेला धोका असेल तर शुल्क लावा, स्टील-ॲल्युमिनियमवरचे टॅरिफ त्यातले. १९७४ चा आहे, दुसरा देश व्यापारात लबाडी करत असेल तर लावा. आणि १९७७ चा आणीबाणीतल्या आर्थिक अधिकारांचा कायदा, ज्यात टॅरिफ हा शब्द पण नाही, त्याच्यावर बोट ठेवून २०२५ चे जगभरातल्या देशांवरचे टॅरिफ लावले गेले. भारतावर ऑगस्टमध्ये आधी २५ टक्के, मग रशियाचं तेल घेता म्हणून २७ ऑगस्टपासून अजून २५. अंधेरीच्या सीप्झमध्ये हिऱ्याचे दागिने बनवून अमेरिकेला पाठवणाऱ्यांचं काय झालं असेल ते सांगायला नको.

आता वेळेचा हिशोब बघा. मे २०२५ मध्ये तिथल्या व्यापार कोर्टाने सांगितलं की या कायद्यात असा अधिकार बसत नाही, ऑगस्टच्या शेवटी अपील कोर्टाने पण ७ विरुद्ध ४ ने तेच सांगितलं, नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टात सुनावणी, आणि या सगळ्या महिन्यांत बंदरावर शुल्क गोळा होतच होतं, ऑर्डरी रद्द होत होत्या, कामगार घरी बसत होते. करायला एक संध्याकाळ लागते आणि थांबवायला पाऊण वर्ष. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष ताकदवान वाटतो त्याचं निम्मं कारण हेच आहे, अधिकार किती आहेत यापेक्षा तो सगळ्यांच्या आधी हलतो.

एच-१बी आणि ग्रीन कार्डचं काय? ते पण एका सहीवर?

हा प्रश्न पुणे, ठाणे, न्यू जर्सी सगळीकडून येतो, म्हणून जरा सविस्तर.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसाचा वर्षाचा कोटा, ६५ हजार अधिक अमेरिकेत मास्टर्स केलेल्यांसाठी २० हजार, हा काँग्रेसच्या कायद्यात लिहिलाय, राष्ट्राध्यक्ष तो वाढवू पण शकत नाही आणि शून्य पण करू शकत नाही. ग्रीन कार्डची जी कुप्रसिद्ध लाईन आहे ती एका देशाला ७ टक्क्यांच्या वर नाही या नियमामुळे, तो पण कायद्यातलाच, त्यामुळे "अमका निवडून आला की बॅकलॉग संपेल" असं कोणी म्हणालं तर मान डोलवा आणि सोडून द्या.

पण देशात कोणाला येऊ द्यायचं नाही हे ठरवायचा खूप मोठा अधिकार १९५२ च्या एका कायद्याने राष्ट्राध्यक्षाला दिलाय, परदेशी लोकांच्या कुठल्याही गटाचं येणं देशाला घातक वाटलं तर ते थांबवता येतं, आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने या अधिकाराचा भरपूर सैल अर्थ लावलाय. १९ सप्टेंबर २०२५ ला त्याच कलमावर एच-१बीसाठी एक लाख डॉलरच्या फीचं फर्मान निघालं. शुक्रवारी सही, रविवारी लागू. ऐन पितृपक्षाच्या शेवटी, नवरात्रासाठी घरी आलेले लोक, आणि कंपन्यांच्या मेल की असाल तिथून चोवीस तासात परत या. सॅन फ्रान्सिस्कोला भारताकडे निघालेले लोक विमानातून उतरले, इकडे मिळेल त्या भावात तिकिटं काढली गेली, आणि शनिवारी व्हाईट हाऊसने खुलासा केला की फी फक्त नवीन अर्जांना आणि एकदाच, आधीपासून व्हिसा असणाऱ्यांना नाही. म्हणजे ज्यांना लागूच नव्हतं त्यांनीच सगळ्यात जास्त धावपळ केली, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती, मूळ मजकूरच तसा मोघम होता.

दुसरी बाजू पण बघा. २० जानेवारी २०२५ ला ऑर्डर निघाली की आईवडील तात्पुरत्या व्हिसावर असतील तर बाळाला जन्माने नागरिकत्व नाही. तीन दिवसांत सिएटलच्या फेडरल, म्हणजे केंद्राच्या, जज्जने ती अडवली, कारण ते १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीत लिहिलंय, आणि १८९८ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका चिनी आईवडिलांच्या मुलाच्या केसमध्ये त्याचा अर्थ पण लावून ठेवलाय. साध्या कायद्यातली फट शोधता येते, संविधानातल्या वाक्याशी भांडणं जड जातं.

युद्ध पुकारायला कोणाला विचारावं लागतं?

कागदावर काँग्रेसला. काँग्रेसने शेवटचं युद्ध रीतसर जाहीर केलं ते जून १९४२ मध्ये, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. त्यानंतर कोरिया, व्हिएतनाम, इराक, अफगाणिस्तान झालं, "युद्ध जाहीर" असं एकदाही झालं नाही. व्हिएतनाम आणि इराकच्या वेळी काँग्रेसने बळ वापरायला परवानगी देणारे ठराव केले, कोरियाला तेही नाही.

व्हिएतनामने हात पोळल्यावर १९७३ मध्ये काँग्रेसने कायदा केला, निक्सनचा व्हेटो मोडून केला, की सैन्य लढाईत उतरवलं तर ४८ तासांत आम्हाला कळवा आणि ६० दिवसांत परवानगी मिळाली नाही तर परत आणा. व्यवहारात काय होतं? २०११ मध्ये लिबियात ६० दिवस उलटून गेले तेव्हा ओबामाच्या लोकांनी सांगितलं की या कायद्यात "शत्रुत्वाची कारवाई" म्हटलंय तशी ही नाहीच. बॉम्ब पडत होते बरं का. जून २०२५ मध्ये इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ला झाला तो पण काँग्रेसच्या मतदानाशिवायच.

आणि अणुबॉम्ब?

एकटा. इथे कोणाची सही लागत नाही, मतदान नाही, काही नाही. सोबत एक लष्करी अधिकारी काळी बॅग घेऊन फिरतो, तिला फुटबॉल म्हणतात, आणि ओळख पटवायचे कोड एका कार्डवर असतात, त्याला बिस्किट म्हणतात. बेकायदेशीर हुकूम लष्कराने पाळू नये असा नियम आहे, पण त्या काही मिनिटांत बेकायदेशीर काय हे ठरवणार कोण. पोस्टमास्टरच्या पगारावर दहा कमिट्या बसवणाऱ्या देशात हे असं आहे.

तिथे राष्ट्रपती राजवट लागते का?

नाही, आणि आपल्या लोकांना हे सगळ्यात उशिरा पटतं. आपल्याकडे कलम ३५६ वापरून केंद्र राज्य सरकार बाजूला करतं, महाराष्ट्राने १९८०, २०१४ आणि २०१९ ला ते बघितलंय, २०१९ ला तर पहाटेच्या शपथविधीआधी ती उठली पण पहाटेच. अमेरिकेत तसलं कलमच नाही. आणि तिथला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे, तो लोकांनी निवडून दिलेला, आपल्या मुख्यमंत्र्यासारखा, वॉशिंग्टनला त्याला काढता येत नाही.

सैन्य पाठवता येतं पण अटी आहेत. १८७८ चा कायदा सांगतो की सैन्याने पोलिसांचं काम करायचं नाही, आणि १८०७ चा इन्सरेक्शन ॲक्ट सांगतो की बंडाळी असेल, कायदा चालवणं अशक्य झालं असेल तर पाठवा. १९५७ मध्ये लिटल रॉकला नऊ काळ्या मुलांना शाळेत शिरू द्यायचं नाही म्हणून गव्हर्नरने नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव सैन्य, शाळेबाहेर उभं केलं, तेव्हा आयझेनहॉवरने तेच गार्ड स्वतःच्या हुकमाखाली घेतलं आणि वर १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनचे जवान पाठवले. मुलं जवानांच्या पहाऱ्यात वर्गात गेली. जून २०२५ मध्ये गव्हर्नरचा विरोध असताना कॅलिफोर्नियात गार्ड पाठवलं गेलं तेव्हा लगेच कोर्टबाजी सुरू झाली ती "तशी परिस्थिती होती का" यावरूनच. हत्यार तेच, वापर कशासाठी यावर सगळं.

पैसे तरी मनासारखे खर्च करता येतात का?

नाही, तिजोरी काँग्रेसची. बजेट मंजूर झालं नाही की शटडाऊन, २०२५ मध्ये १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस चाललं, तोपर्यंतचं सगळ्यात लांब. उलटं पण आहे, काँग्रेसने दिलेले पैसे "मला पटत नाही" म्हणून अडवून ठेवता येत नाहीत, निक्सनने तसं केलं म्हणून १९७४ मध्ये खास कायदा करावा लागला. यावरची भांडणं अजून चालू असतात.

व्हेटो म्हणजे काय, त्याच्यापुढे काही चालत नाही का?

काँग्रेसने पास केलेल्या बिलाला राष्ट्राध्यक्षाने दिलेला नकार म्हणजे व्हेटो. त्याच्यापुढे पण चालतं, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं जमवा. जमत नाहीत सहसा. रूझवेल्टने एकट्याने ६३५ व्हेटो केले होते. बिल आल्यावर रविवार सोडून दहा दिवसांत सही केली नाही आणि काँग्रेस चालू असेल तर ते आपोआप कायदा होतं, काँग्रेस उठलेली असेल तर बिल मेलं, त्याला पॉकेट व्हेटो म्हणतात. आपल्याकडे ग्यानी झैलसिंगांनी पोस्टाच्या बिलाचं साधारण असंच केलं होतं, सही नाही, परत पण नाही. बिलातली एखादीच ओळ खोडायची सोय १९९६ मध्ये क्लिंटनला करून दिली होती, सुप्रीम कोर्टाने १९९८ मध्ये ती काढून घेतली.

दुसऱ्या देशाशी करार तर तोच करतो ना?

बोलणी तो करतो. रीतसर ट्रीटी असेल तर सिनेटची दोन तृतीयांश मतं लागतात, विल्सनला व्हर्सायच्या तहासाठी ती मिळाली नाहीत. आपला अणुकरार आठवा. बुश आणि मनमोहनसिंगांनी जुलै २००५ मध्ये हात मिळवले, पण त्यासाठी अमेरिकेचा स्वतःचा कायदा वाकवायला लागणार होता, म्हणून डिसेंबर २००६ ला हाइड ॲक्ट, मग दोन देशांच्या कराराचा मसुदा, मग ऑक्टोबर २००८ मध्ये काँग्रेसची शेवटची मंजुरी. सव्वातीन वर्षं. आपल्याकडून तांत्रिक बाजू अनिल काकोडकर सांभाळत होते आणि समोर व्हाईट हाऊस तयार असताना सुद्धा एवढा वेळ गेला.

कोणालाही नोकरीवरून काढू शकतो का?

मंत्र्यांना हो, दुपारी ट्वीट करून पण. मंत्री नेमताना सिनेटची मंजुरी लागते, काढताना नाही. पण काही संस्था मुद्दाम लांब ठेवल्यात, फेडरल रिझर्व्ह म्हणजे त्यांची रिझर्व्ह बँक हे मोठं उदाहरण, गव्हर्नरांची टर्म १४ वर्षांची आणि काढायचं तर ठोस कारण लागतं, "व्याजदर कमी करत नाही" हे कारण धरलं जात नाही. पॉवेल यांना फेडचा चेअरमन ट्रम्प यांनीच नेमलं होतं आणि नंतर सगळ्यात जास्त शिव्या त्यांनीच घातल्या. सुप्रीम कोर्टाच्या जज्जला तर नेमल्यानंतर हात लावताच येत नाही, आयुष्यभराची नेमणूक. आणि नेमणं पण सिनेटच्या मर्जीवर, २०१६ मध्ये ओबामाने मेरिक गार्लंडचं नाव दिलं तर सिनेटने सुनावणीच घेतली नाही, निवडणुकीपर्यंत जागा रिकामी.

माफी देतात म्हणजे कोणालाही सोडू शकतात?

फेडरल गुन्ह्यातून जवळजवळ कोणालाही, कारण न देता, खटला चालायच्या आधी सुद्धा. फोर्डने ८ सप्टेंबर १९७४ ला निक्सनला माफी दिली तेव्हा निक्सनवर आरोपपत्र पण नव्हतं. बायडनने डिसेंबर २०२४ मध्ये स्वतःच्या मुलाला दिली, ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ ला कॅपिटलवरच्या, म्हणजे तिथल्या संसद भवनावरच्या, हल्ल्यातल्या सुमारे १५०० लोकांना. इथे काँग्रेस, कोर्ट कोणी मध्ये येत नाही. फक्त राज्याच्या कायद्याखालचा गुन्हा असेल तर चालत नाही, म्हणूनच न्यूयॉर्कमध्ये मे २०२४ ला ज्या ३४ आरोपांत ट्रम्प दोषी ठरले त्यातून ते स्वतःला सोडवू शकत नाहीत. स्वतःला फेडरल माफी देता येते का? आजपर्यंत कोणी करून बघितलेलं नाही.

म्हणजे त्याच्यावर खटला होऊच शकत नाही का?

१ जुलै २०२४ च्या निकालानंतर बराच अवघड झालाय. सुप्रीम कोर्टाने ६-३ ने सांगितलं की पदाच्या मूळ अधिकारात केलेल्या गोष्टींसाठी पूर्ण संरक्षण, बाकी सरकारी कामासाठी निदान प्राथमिक संरक्षण, खाजगी कृत्यांना नाही. कुठलं सरकारी आणि कुठलं खाजगी हे ठरवण्यातच वर्षं जाणार, हे मला त्या निकालातलं सगळ्यात वाईट वाटतं.

अविश्वास ठराव आणून घालवता येत नाही का?

अविश्वास ठराव नाहीच. १९९९ मध्ये वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं, तिथे १८६८ मध्ये अँड्र्यू जॉन्सन एका मताने वाचला. महाभियोगासाठी हाऊसमध्ये साधं बहुमत पुरतं, पण काढायला सिनेटमध्ये १०० पैकी ६७ लागतात. जॉन्सन, क्लिंटन आणि दोनदा ट्रम्प, एवढ्यांवर तो झाला, काढलं कोणालाच गेलं नाही, २०२१ ला ५७ पर्यंत गाडी आली होती. निक्सनने ९ ऑगस्ट १९७४ ला राजीनामा दिला कारण त्याच्याच पक्षाचे लोक येऊन सांगून गेले की मतं नाहीत.

तिसरी टर्म? निवडणूक पुढे ढकलली तर?

तिसऱ्यांदा निवडून येता येत नाही, १९५१ ची बावीसावी दुरुस्ती, रूझवेल्ट चार वेळा निवडून आला त्यानंतर आलेली. ती बदलायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि ५० पैकी ३८ राज्यं पाहिजेत. निवडणुकीचा दिवस काँग्रेसच्या १८४५ च्या कायद्याने ठरलाय, राष्ट्राध्यक्षाला तो हलवता येत नाही, १८६४ मध्ये यादवी युद्ध चालू असताना पण मतदान झालं. आणि २० जानेवारीला दुपारी बारा वाजता टर्म संपते म्हणजे संपते, मतमोजणीत काहीही घोळ असो.

मराठी माणूस अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होऊ शकतो का?

वय ३५, तिथे १४ वर्षं वास्तव्य आणि जन्मतः नागरिक, एवढ्या तीन अटी. म्हणजे न्यू जर्सीतल्या एडिसनला जन्मलेली देशपांडे-जाधवांची पोरं होऊ शकतात. बेळगावचे श्री ठाणेदार २०२३ पासून मिशिगनमधून हाऊसमध्ये आहेत, ते मात्र नाही होऊ शकत, कारण त्यांनी नागरिकत्व नंतर घेतलं. राष्ट्राध्यक्षावर महाभियोगाचा ठराव मात्र त्यांना मांडता येतो, एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी तो मांडला पण होता, सात कलमांचा, पुढे गेला नाही.